क तुकडी

आमच्या शाळेत नववीच्या तीन तुकड्या आहेत. अ, ब आणि क. गेली सहा वर्षं आम्ही क तुकडीचे वर्गशिक्षक आहोत. शाळा उर्दू माध्यमाची, गाव कोकणातलं, तालुक्याचं. आमचे विषय इतिहास आणि राज्यशास्त्र. बी.एड. झाल्यावर तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढली, मग कायम झालो, आणि कायम झाल्याबरोबर क तुकडी गळ्यात पडली. कोणती तुकडी कोणत्या शिक्षकाला मिळते, हे ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे त्यांना सांगायला नको. अ तुकडीत डॉक्टरांची, बँकवाल्यांची, शिक्षकांची मुलं. क तुकडीत मच्छीवाल्यांची, रिक्षावाल्यांची, आणि ज्यांचे अब्बा कुवेतला ड्रायव्हर आहेत आणि घरी एकट्या अम्मीवर सगळा भार आहे, अशांची. वाटणी आठवीच्या मार्कांवर होते असं सांगतात. मार्कांमुळे वाटणी होते की वाटणीमुळे मार्क पडतात, हे आम्ही कधी कोणाला विचारलं नाही.

संयुक्त राष्ट्रांचा धडा चालू होता. आमसभा झाली, सुरक्षा परिषद झाली. मग विश्वस्त मंडळ आलं. आम्ही फळ्यावर उर्दूत लिहिलं, ‘तौलियती कौंसिल’. त्याखाली मराठीत ‘विश्वस्त मंडळ’. मराठी शब्द शेजारी लिहायची आमची सवय आहे. उद्या ही मुलं तलाठ्याच्या परीक्षेला बसली तर शब्दावाचून अडू नयेत. धड्यात या मंडळावर दोनच ओळी असतात. परीक्षेत त्यावर फार तर एक मार्क. आम्ही पुढे सरकणार, एवढ्यात मागच्या बाकावरून एकानं विचारलं,

“सर, तौलियत मतलब वो मुतवल्लीवाला?”

सगळा वर्ग हसला. हसण्याचं कारण आम्हालाही ठाऊक होतं. मुतवल्ली म्हणजे वक्फच्या मालमत्तेचा राखणदार. मालक नव्हे. मिळकत गोरगरिबांसाठी वापरायची, हिशेब ठेवायचा आणि वेळ आली की तो द्यायचा. आता आमच्या भागात एक जुनी वक्फची जागा आहे. तिच्या उत्पन्नावर यतीम मुलं शिकावीत म्हणून कोणा नेक माणसानं ती दिली. आज तिथे दुकानांचे गाळे आहेत. गाळ्यांचं भाडं कुठे जातं ते अल्लालाच ठाऊक. यतीम मुलं आमच्या क तुकडीत आहेत, तीही फाटक्या दप्तरानिशी. म्हणून मुतवल्ली म्हटलं की मुलं हसतात.

पण पोरानं विचारलं ते अगदी बरोबर होतं. वली, तौलियत, मुतवल्ली, सगळे एकाच धातूतले शब्द. आम्ही इतकी वर्षं हा शब्द फळ्यावर लिहीत आलो आणि आम्हाला ते दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुस्तक मिटून ठेवलं आणि मुलांना मुळापासून सांगायला घेतलं. कारण विश्वस्त मंडळ हे नातवंड. त्याच्या आजोबांचं नाव मँडेट. उर्दू आणि अरबीत इन्तिदाब.

पहिलं महायुद्ध १९१८ मध्ये संपलं. जर्मनी हरली, उस्मानी तुर्क हरले. जर्मनीच्या आफ्रिकेत आणि प्रशांत महासागरात वसाहती होत्या. तुर्कांच्या ताब्यात इराक, शाम, फलस्तीन होते. पूर्वीचा रिवाज असा, की जिंकेल त्यानं मुलूख घ्यावा. पण या वेळी अडचण होती. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी जगभर सांगून ठेवलं होतं की आता लोकांचं भवितव्य लोकांना विचारून ठरेल. इकडे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, जपान, फ्रान्स सगळे आपापला वाटा धरून बसलेले. मग तोड निघाली. मुलूख घ्यायचा, पण ‘घेतला’ म्हणायचं नाही. ‘सांभाळायला घेतला’ म्हणायचं. राष्ट्रसंघाच्या करारातलं बाविसावं कलम ते हेच. त्याचा सारांश असा, की आजच्या जगाच्या धकाधकीत जे लोक अजून स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाहीत, त्यांचं कल्याण ही सुधारलेल्या जगाकडे सोपवलेली पवित्र ठेव आहे. म्हणून प्रगत राष्ट्रांनी त्यांचं पालकत्व करावं, आणि दर वर्षी राष्ट्रसंघाला अहवाल द्यावा.

पवित्र ठेव. आपल्या भाषेत अमानत. मुलांना अमानत हा शब्द समजावून सांगावा लागला नाही. शेजारीण हजला जाताना दागिने ठेवून जाते ती अमानत. तिला हात लावला तर खयानत. एवढं प्रत्येक घरात माहीत असतं.

पुढचा भाग सांगताना मात्र आमचीच जीभ अडखळली. कारण राष्ट्रसंघानं या लोकांचे तीन वर्ग केले होते. अ, ब आणि क.

आम्ही फळ्यावर तीन रकाने आखले. अ वर्गात तुर्कांकडून काढून घेतलेले अरबांचे मुलूख. इराक आणि फलस्तीन ब्रिटनकडे, फलस्तीनच्या मँडेटमध्येच जॉर्डन नदीपलीकडचा प्रदेश. सीरिया आणि लेबनॉन फ्रान्सकडे. हे जवळजवळ तयार झालेले विद्यार्थी, थोडा सल्ला दिला की पास होतील. ब वर्गात मध्य आफ्रिका. टांगानिका ब्रिटनकडे, रुआंडा-उरुंडी बेल्जियमकडे, कॅमेरून आणि टोगोलँड यांचे तुकडे करून ब्रिटन आणि फ्रान्सकडे. यांना बराच काळ लागेल. क वर्गात नैर्ऋत्य आफ्रिका, म्हणजे आजचा नामिबिया, तो दक्षिण आफ्रिकेकडे. न्यू गिनी ऑस्ट्रेलियाकडे, पश्चिम सामोआ न्यूझीलंडकडे, विषुववृत्ताच्या उत्तरेची बेटं जपानकडे. आणि नाऊरू नावाचं २१ चौरस किलोमीटरचं एक बेट, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड अशा तिघांकडे मिळून. क वर्गाचा कारभार पालक राष्ट्रानं आपल्याच मुलखाचा भाग समजून करावा, असं ठरलं. म्हणजे यांच्या पास होण्याची कोणाला घाईच नव्हती.

खडू खाली ठेवून आम्ही वळलो तर वर्ग शांत होता. पहिल्या बाकावरची एक मुलगी, जी कधी बोलत नाही, ती म्हणाली, “सर, आमच्यासारखं.”

यावर काय बोलायचं? आम्ही डस्टर शोधू लागलो.

या गोष्टीशी आमच्या घराचंही थोडं नातं आहे. आमचे परदादा, म्हणजे अब्बांचे आजोबा, खलाशी होते. पहिल्या महायुद्धात ते बसऱ्याला गेले. दजला नदीतून सैन्य आणि सामान वर नेणाऱ्या आगबोटींवर त्यांनी काम केलं. मराठीत बसऱ्याच्या मोत्यांचा मोठा लौकिक. परदादांनी तिकडून मोती आणले नाहीत, मलेरिया आणला. मरेपर्यंत पावसाळा लागला की ते थंडीनं कुडकुडत, असं अब्बा सांगत. आमच्या गावी जुन्या इमारतीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. महायुद्धाला या गावातून इतके गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत, अशी. नावं नाहीत, नुसते आकडे. परदादा खलाशी, शिपाई नव्हेत. ते त्या आकड्यात धरले आहेत की नाहीत, यावर आमच्या घरात अजून वाद होतो.

ब्रिटिशांनी इराक जिंकला तो बराचसा हिंदी सैन्याच्या बळावर. कूत या गावी १९१६ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश फौज तुर्कांना शरण गेली, तिच्यात मराठा पलटणी होत्या. त्या पलटणींत कोकण आणि देशावरच्या मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानही भरती होत. मुलूख हाती आल्यावर तिथला कारभारही हिंदुस्थानच्या धर्तीवर सुरू झाला. हिंदुस्थानचे अंमलदार, हिंदुस्थानचा रुपया. बगदादच्या बाजारात आपला रुपया १९३२ पर्यंत चालत होता.

आणि इकडे मुंबईत काय चाललं होतं? खिलाफत कमिटी उभी राहिली होती. भायखळ्याचं खिलाफत हाऊस आजही त्याची आठवण देतं. १९२० मध्ये मौलाना मुहम्मद अली शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले. अरबांची भूमी परक्या पालकांच्या हाती देऊ नका, हेही त्यांच्या मागण्यांत होतं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मँडेटविरुद्ध इराकमध्ये उठाव झाला. शिया आणि सुन्नी एकत्र आले. तो मोडायला जादा पलटणी पाठवल्या त्या हिंदुस्थानातूनच. एकीकडे चंदा देणारे हात आपले, दुसरीकडे बंदूक धरणारे हातही आपलेच. परदादा कोणत्या बाजूचे, हे त्यांना कोणी विचारलं नाही. बहुधा त्यांनाही पगार आणि ताप सोडून दुसरं काही कळलं नसावं.

“पण सर, त्या लोकांना विचारलं होतं का?” हा दुसऱ्या दिवशीचा प्रश्न.

विचारलं होतं. म्हणून तर जास्त वाईट वाटतं. कलमातच लिहिलं होतं, की अ वर्गाचा पालक निवडताना तिथल्या लोकांच्या इच्छेला महत्त्व द्यावं. १९१९ च्या उन्हाळ्यात विल्सननी दोन अमेरिकन पाठवले. किंग आणि क्रेन. त्यांतले किंग एका कॉलेजचे अध्यक्ष, म्हणजे आमच्याच बिरादरीतले. ब्रिटन आणि फ्रान्सनं आपली माणसं पाठवलीच नाहीत. हे दोघे फलस्तीन आणि शाममध्ये गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, अठराशेहून जास्त अर्ज गोळा केले. लोकांचं म्हणणं साधं होतं. आम्हाला स्वातंत्र्य द्या. पालक लादायचाच असेल तर अमेरिका चालेल, नाहीतर ब्रिटन. फ्रान्स नको. आणि देशाचे तुकडे करू नका. अहवाल तयार झाला, पोहोचला आणि कपाटात गेला. छापून बाहेर आला तो १९२२ च्या शेवटी, सगळं ठरून गेल्यावर.

तोवर १९२० च्या एप्रिलमध्ये सान रेमो इथे ब्रिटन आणि फ्रान्सनं वाटणी उरकली होती. शामच्या लोकांनी मार्चमध्येच फैसलना आपला राजा जाहीर केलं होतं. जुलैत फ्रेंच फौज दमास्कसवर चालून आली. मैसलूनच्या खिंडीत फैसलचे युद्धमंत्री युसूफ अल-अज्मा तुटपुंज्या माणसांनिशी उभे राहिले आणि तिथेच मारले गेले. फैसलना देश सोडावा लागला. वर्षभरानं ब्रिटिशांनी त्यांना बगदादच्या गादीवर बसवलं. म्हणजे एका शाळेनं नाव कमी केलं, दुसऱ्या शाळेनं मॉनिटर केलं.

फलस्तीनबद्दल मुलं आधीपासून विचारत होती. ऑक्टोबर २०२३ नंतर त्यांच्या मोबाइलवर गाझाची चित्रं येत होती, आणि ती पाहून शाळेत आलेल्या मुलांना आम्ही मौर्य साम्राज्य कसं शिकवणार? आम्ही ठरवलं की भाषण करायचं नाही, फक्त काय झालं ते सांगायचं. १९१७ मध्ये ब्रिटननं ज्यूंना फलस्तीनमध्ये राष्ट्रीय घर देण्याचं वचन दिलं. मँडेट लिहिताना ते वचन त्यात घातलं. १९२२ च्या जनगणनेत तिथली वस्ती साडेसात लाखांच्या आसपास होती, त्यांत ज्यू सुमारे ८४ हजार. पण मँडेटमध्ये त्या बहुसंख्य अरबांचा नावानं उल्लेख नाही. ‘इतर समाज’ अशा शब्दांत ते येतात. युरोपात ज्यूंचा जो छळ झाला तो इतका भयंकर होता की त्यांना आसरा नको असं माणुसकी असलेला कोणी म्हणणार नाही. पण पालकानं एकच खोली दोघांना कबूल केली, दोघांनाही गप्प बसायला सांगितलं, आणि भांडण हाताबाहेर गेल्यावर मे १९४८ मध्ये वर्ग सोडून तो निघून गेला. चावीसुद्धा कोणाच्या हाती दिली नाही. अ वर्गातले बाकीचे सगळे एकेक करून स्वतंत्र झाले. इराक १९३२ मध्ये, पुढे लेबनॉन, सीरिया, जॉर्डन. फलस्तीनचा निकाल राखून ठेवला तो ठेवलाच.

“सर, मग त्या मास्तरांची परीक्षा कोण घेत होतं?” मुतवल्लीवाल्या मुलानंच हेही विचारलं.

जिनिव्हात एक कायम मँडेट आयोग होता. पालक राष्ट्रं दर वर्षी त्याच्यापुढे अहवाल ठेवत. आयोगाचे सभासद बहुतेक वसाहती असलेल्या देशांचेच. ब्रिटनचे लुगार्ड हे तर नायजेरियाचे माजी गव्हर्नर. सांभाळायला दिलेल्या मुलखांपैकी कोणाचाच माणूस त्यात नव्हता. आयोग स्वतः तिकडे तपासणीला जात नसे. लोकांना तक्रार करता येई, पण अर्ज द्यायचा तो पालक सरकारच्याच हाती. ते आपला शेरा मारून पुढे पाठवणार. अर्जदाराला समोर बोलावून ऐकायचीही सोय नव्हती. तपासणीच्या दिवशी आमच्याकडे काय होतं ते आठवलं. साहेब येणार म्हटलं की भिंती रंगतात, हजेरी भरते, हुशार मुलं पुढे बसतात. क तुकडीला त्या दिवशी मैदानावर पीटी असते.

तरी आयोग अगदीच निरुपयोगी होता असं म्हणवत नाही. १९२२ मध्ये नैर्ऋत्य आफ्रिकेत बोंडेलस्वार्ट नावाच्या जमातीवर कुत्र्यांच्या करावरून दक्षिण आफ्रिकेनं विमानातून बॉम्ब टाकले. सुमारे शंभर माणसं मेली. पूर्वी अशी गोष्ट तिथल्या तिथे पुरली गेली असती. या वेळी हैतीच्या प्रतिनिधीनं राष्ट्रसंघाच्या सभेत ती मांडली, आयोगानं जाब विचारला. शिक्षा कोणालाच झाली नाही. पण हिशेब मागता येतो, एवढं जगाला दिसलं. अमानत हा शब्द एकदा तोंडातून गेला की तो परत गिळता येत नाही. ज्यांनी तो ढोंगानं उच्चारला, त्यांच्यावर तो पुढे उलटला.

नाऊरूचंच घ्या. त्या बेटावर फॉस्फेट होतं, उत्तम खत. तिन्ही पालकांनी १९१९ मध्येच आपसात करार करून ते वाटून घेतलं आणि बाजारभावापेक्षा कमी दरानं आपापल्या शेतकऱ्यांना पुरवलं. बेटाचा मधला भाग खरवडून निघाला, नुसते दगडांचे सुळके उरले. मग १९६० च्या दशकात पालक म्हणाले, तुम्ही सगळे ऑस्ट्रेलियाच्या एका बेटावर राहायला चला. नाऊरूच्या लोकांनी नकार दिला. १९६८ मध्ये ते स्वतंत्र झाले आणि १९८९ मध्ये या चिमुकल्या देशानं ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. तुम्ही आमचे मालक नव्हता, विश्वस्त होता, हिशेब द्या. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियानं तडजोड करून १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचं कबूल केलं. ही गोष्ट सांगितली तेव्हा क तुकडीनं टाळ्या वाजवल्या. शेजारच्या अ तुकडीतून निरोप आला, आवाज कमी करा.

शिक्के मात्र सहज पुसले जात नाहीत. रुआंडात हुतू आणि तुत्सी हा भेद आधीपासून होता. पण बेल्जियमनं १९३० च्या दशकात ओळखपत्रं काढून प्रत्येकाच्या कार्डावर तो छापला. १९९४ मध्ये रस्त्यावर अडवून तीच ओळख विचारत होते आणि त्यावर माणूस जगायचा की मरायचा ते ठरत होतं. मुलांना आम्ही हे फार थोडक्यात सांगितलं. स्वतः मात्र रात्री झोपलो नाही.

झोप न येण्याचं कारण रुआंडा नव्हतं. कारण जवळचं होतं.

चार वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. बापाचं छत्र नाही, मामाकडे राहायचा. पहाटे बंदरावर जाऊन मग शाळेत यायचा आणि तिसऱ्या तासाला झोपायचा. गणितात नापास, इंग्रजीत नापास. एप्रिलमध्ये नववीच्या निकालाची बैठक झाली. आमच्या शाळेत, आणि आमच्याच कशाला, अनेक शाळांत, दहावीच्या निकालाची टक्केवारी सांभाळायला नववीतच गाळणी लावतात. याचं काय करायचं, असा प्रश्न आला. सगळ्यांनी वर्गशिक्षकाकडे, म्हणजे आमच्याकडे पाहिलं. आम्ही म्हणालो, “अजून तयार नाही. आणखी एक वर्ष बसू दे, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरेल.” आणि सही केली. त्याच्या भल्यासाठीच केली, असं आम्हाला मनापासून वाटत होतं. जूनमध्ये तो आला नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरणं दूरच, त्याच्या अम्मीनं येऊन दाखला नेला.

गेल्या वर्षी मच्छी बाजारात तो दिसला. लिलावात माल उचलतो, पुढे विकतो. तागडीत सुरमई पडायच्या आत किलोचा भाव, बर्फाचे पैसे, हमाली सगळं मिळवून त्यानं तोंडी आकडा सांगितला. आम्ही मोबाइलवर हिशेब करून पाहिला. बरोबर होता. आम्हाला ओळखून म्हणाला, “सर, आपसे पैसे कैसे लेऊँ?” आम्ही खूप आग्रह केला तेव्हा निम्मे घेतले. निघताना आम्ही त्याला विचारलं, शाळा का सोडलीस? तो म्हणाला, “आपने बोला ना सर, तयार नहीं है.” त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं ते खरं मानलं होतं.

बाविसाव्या कलमात वाईट शब्द एकही नाही. कल्याण, पालकत्व, प्रगती, सल्ला, सगळे आमच्या बी.एड.च्या नोट्समधले शब्द. ज्यांनी ते लिहिले ते सगळे लबाड नसतील. काहींना खरंच वाटत असेल की आपण शिकवायला चाललो आहोत. खोट तिथे नव्हती. ज्याच्या ताब्यात मूल, त्यानंच ते मोठं झालं की नाही हे ठरवायचं, आणि मूल मोठं होईपर्यंत त्याच्या झाडाचे आंबे मात्र आपण खायचे, ही खोट होती. आमच्या दादी म्हणत, यतीमाच्या मालाला हात लावणारा घाईत असतो, पोर मोठं होण्याआधी त्याला खायचं असतं. आम्ही कोणाचे आंबे खाल्ले? दहावीचा ९८ टक्के निकाल फलकावर लागला, पेपरात फोटो आला, त्यात पाठीमागच्या रांगेत आम्हीही उभे आहोत.

टांगानिकात ज्युलियस न्येरेरे नावाचे एक शिक्षक होते. दारेसलामजवळच्या शाळेत शिकवत. लोक त्यांना म्वालिमू म्हणत. हा शब्द अरबीतल्या मुअल्लिमवरून स्वाहिलीत गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर मँडेटचं नाव बदलून विश्वस्त प्रदेश झालं होतं. त्यात एक सुधारणा होती. आता पाहणी पथकं प्रत्यक्ष जात, आणि लोकांना न्यूयॉर्कला येऊन समोर बोलता येई. १९५४ मध्ये पाहणी पथकानं अंदाज दिला की टांगानिकाला स्वराज्याला वीस-पंचवीस वर्षं लागतील. ब्रिटनला हीही घाई वाटली. १९५५ मध्ये न्येरेरे विश्वस्त मंडळापुढे जाऊन बोलले. परत आल्यावर शाळा की राजकारण असा पेच पडला, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. टांगानिका स्वतंत्र झाला ९ डिसेंबर १९६१ ला. पंचवीस वर्षांचा अभ्यासक्रम सात वर्षांत. तयार होते की नव्हते? पुढे त्या देशानं चुकाही केल्या, पण स्वतःच्या केल्या. उलट क वर्गातल्या नामिबियाला दक्षिण आफ्रिकेनं सोडलं नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९६६ मध्ये मँडेट रद्द केला, १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ताबा बेकायदा ठरवला, तरी देश सुटला तो मार्च १९९० मध्ये. सत्तर वर्षं एका वर्गात. क वर्गाचा शेवटचा विद्यार्थी पलाऊ, १ ऑक्टोबर १९९४ ला बाहेर पडला. महिन्याभरानं विश्वस्त मंडळानं काम थांबवलं. आमच्या धड्यातल्या दोन ओळी एवढ्या.

या एप्रिलमध्ये पुन्हा बैठक लागली. क तुकडीच्या चार मुलांची नावं कागदावर होती, शेरा आधीच टाइप केलेला, खाली आमच्या सहीची जागा. चौथं नाव मुतवल्लीवाल्याचं. आम्ही म्हणालो, सही करण्यापूर्वी या मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायचं आहे. हेडमास्तर म्हणाले, असं कधी होत नाही. आम्ही म्हणालो, एकदा होऊ द्या. फार शूर झालो असं नाही. आवाज कापत होता, आणि घराचे हप्तेही डोळ्यांपुढे होते.

चौघांना एकेक करून बोलावलं. एक मुलगी स्वतःच म्हणाली की तिला आणखी एक वर्ष हवं आहे. दोघांनी खाली मान घातली, अम्मीला विचारून सांगतो म्हणाले. मुतवल्लीवाल्याला आम्ही सगळं उघड सांगितलं. गणित कच्चं आहे, नापास होशील असं सगळ्यांना वाटतं, आम्हालाही थोडं वाटतं. तुझं काय म्हणणं आहे?

तो बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, मेरेकू बैठना है. फेल हुआ तो मैं फेल हुआ ना.”

आम्ही त्या कागदावर टाइप केलेला शेरा खोडला आणि बाजूला हातानं लिहिलं, ‘विद्यार्थ्याला विचारलं. परीक्षेला बसायचं आहे.’ खाली सही केली. गणितासाठी तो आता रोज सकाळी साडेसहाला आमच्या घरी येतो. फार काही जमत नाही अजून. पण काल अपूर्णांकांची पाच उदाहरणं दिली होती, त्यांतली तीन बरोबर आली.